सातबाऱ्याबाहेरची माणसे

पॅलेस्टिनी माणसाचे दुःख भिवंडीला समजते. मात्र जमीन, कागद आणि विस्थापन यांचा तसाच एक जुना संघर्ष या शहराच्या वेशीबाहेर दीडशे वर्षे चालू आहे, याचे भान शहराला फारसे नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातील युद्धाला तोंड फुटले, तेव्हापासून भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात पॅलेस्टाईन हा केवळ परराष्ट्र धोरणाचा विषय राहिलेला नाही. कारखान्याच्या दारात, चहाच्या टपरीवर, नमाजानंतरच्या गप्पांत गाझाचे नाव निघते आणि बोलणारा आपल्याच घरातल्या कोणाविषयी बोलावे तशा स्वरात बोलतो. हमासच्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईतील मृतांचा आकडा गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार साठ हजारांच्या पुढे गेला. एवढ्या मोठ्या संहारापुढे माणूस हळहळला नाही तरच नवल.

पण या हळहळीत एक प्रश्न सहसा मागे पडतो. पॅलेस्टिनी माणूस आपल्या संघर्षाचा इतिहास सांगू लागतो, तेव्हा तो कोठून सुरुवात करतो? आपल्याकडे या वादाची मांडणी बहुधा दोन धर्मांचे भांडण अशी होते. जुन्या पिढीतील पॅलेस्टिनी शेतकरी मात्र गावाचे नाव सांगून सुरुवात करतो. मग विहीर, जैतुनाची झाडे, बांध, आणि त्या बांधावरून आपण कसे उठलो, हे सांगतो. त्याच्या लेखी हा सर्वप्रथम जमिनीचा इतिहास आहे. तो त्या अंगाने वाचला, तर ठाणे जिल्ह्यातील वाचकाला त्यातील अनेक पाने ओळखीची वाटतील.

कागद कोणाचा, कसणूक कोणाची?

उस्मानी साम्राज्याने १८५८ मध्ये जमिनीचा नवा कायदा केला. प्रत्येक जमिनीची नोंद व्हावी आणि नोंदीप्रमाणे सारा वसूल व्हावा, हा त्याचा हेतू. पॅलेस्टाईनमधील अनेक गावांत तोपर्यंत जमीन सामाईक असे. ठरावीक काळाने तिची गावकऱ्यांत फेरवाटणी होई. या शेतकऱ्यांना नोंदणी म्हणजे नवा कर आणि सैन्यभरतीची यादी वाटली. कित्येकांनी नोंद टाळली, कित्येकांनी ती गावच्या किंवा शहरातल्या एखाद्या प्रतिष्ठिताच्या नावावर होऊ दिली. कसणारा तोच राहिला, कागदावरचा धनी मात्र बदलला.

या बदलाचा अर्थ पुढच्या पिढ्यांना कळला. बैरुतच्या सुरसुक घराण्यासारखे दूरस्थ व्यापारी मर्ज इब्न आमिरच्या सुपीक खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनींचे मालक झाले होते. १९२० च्या दशकात त्यांनी त्या जमिनी झिओनिस्ट संस्थांना विकल्या. व्यवहार कायदेशीर होता, पैसे रोख होते. फक्त त्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांना कोणी काही विचारले नव्हते. १९३६ ते १९३९ या काळात ब्रिटिश सत्तेविरुद्ध जो अरब उठाव झाला, त्यात शेतकरी एवढ्या संख्येने का उतरले, याचे एक उत्तर या विक्रीखतांत सापडते.

पुढचा इतिहास परिचित आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. भारताने त्याविरुद्ध मत दिले होते. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले, चारशेहून अधिक गावे ओस पडली. १९५० मध्ये इस्रायलने 'गैरहजरांच्या मालमत्ते'चा कायदा केला. युद्धकाळात जो आपल्या जागी नव्हता, त्याची जमीन या कायद्याने सरकारी ताब्यात गेली. काही माणसे देशाबाहेर गेलीच नव्हती. शेजारच्या गावात आसरा घेऊन ती परतली होती आणि त्यांना इस्रायलचे नागरिकत्वही मिळाले होते. जमिनीच्या बाबतीत मात्र ती गैरहजरच ठरली. 'हजर असलेले गैरहजर' ही विचित्र संज्ञा त्यांच्यासाठी रूढ झाली. ३० मार्च १९७६ रोजी गॅलिलीतील जमीन संपादनाविरुद्ध झालेल्या हरताळात सहा जण मारले गेले. तेव्हापासून तो दिवस 'भूमी दिन' म्हणून पाळला जातो.

अर्थात, या इतिहासाला दुसरी बाजू आहे. युरोपात शतकानुशतके छळले गेलेले आणि नाझी संहारातून वाचलेले ज्यू आसरा शोधत आले होते. त्यांच्या नवजात राष्ट्रावर शेजारच्या अरब देशांच्या फौजा चालून आल्या होत्या. अरब देशांतूनही पुढे लाखो ज्यूंना घरदार सोडावे लागले. ही बाजू नाकारून पॅलेस्टिनी बाजू बळकट होत नाही. पण एकाच्या विस्थापनाने दुसऱ्याचे विस्थापन रद्दही होत नाही.

राब, खावटी आणि वेठ

आता नकाशा बदलून पाहू. भिवंडीतून वज्रेश्वरीच्या किंवा वाड्याच्या रस्त्याला लागले की तासाभरात वारली, कातकरी, ठाकर आणि मल्हार कोळी यांचे पाडे लागतात. पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यातला आदिवासी पट्टा तो हाच. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी प्रश्नाचे विभाजन झालेले नाही.

येथेही सुरुवात नोंदीपासूनच होते. ब्रिटिश महसूल व्यवस्थेने सारा रोखीत मागितला, आणि रोख रक्कम आदिवासीकडे नव्हती. ती सावकाराकडे होती. दुसरीकडे १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारचा हक्क पक्का केला. ठाणे-कुलाब्याच्या भातशेतीचा पाया म्हणजे राब. झाडांच्या फांद्या, पाला, गवत भाजून त्या जागी रोप करायचे, ही रीत. फांदी तोडणे गुन्हा ठरताच शेतीच्या मुळावरच घाव आला. तक्रारी एवढ्या वाढल्या, की सरकारला या दोन जिल्ह्यांसाठी १८८५ मध्ये स्वतंत्र वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला, काही सवलती मिळाल्या, पण जंगलाचा धनी बदलला तो बदललाच.

जमिनीचा धनी बदलण्याचा मार्ग याहून शांत होता. पावसाळ्यात घरातले धान्य संपे. मग सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला ती दीडपट-दुपटीने फेडायची. एखादे वर्ष फिटली नाही, की अंगठा उमटे. त्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांत ठाणे जिल्ह्यातील उत्तम भातजमीन जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदार यांच्या खाती जमा झाली. जो कालपर्यंत आपले शेत कसत होता, तो त्याच शेतावर कूळ झाला, आणि कुळाचा पुढे वेठबिगार झाला. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण बायकोसह सावकाराच्या घरी आयुष्यभर राबे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. आदिवासी भागांच्या पाहणीसाठी १९३७ मध्ये मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या अहवालात या वेठीची आणि मारहाणीची नोंद आहे. म्हणजे सरकारला काही ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. भिवंडीपासून टिटवाळा काही फार दूर नाही. त्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. त्याच वर्षी २३ मे रोजी झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली एक विलक्षण उठाव उभा राहिला. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत या जिल्ह्यातून जाई, त्यामुळे जमीनदारांचे नाक तेथे दाबले गेले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी तो काळ नोंदवून ठेवला आहे. वेठ आणि लग्नगडीची प्रथा त्या लढ्याने मोडली. जमिनीचा प्रश्न मात्र स्वातंत्र्याच्या हवाली झाला.

कायदा आला, जमीन आली नाही

स्वतंत्र भारताने कायदे केले नाहीत, असे म्हणता येणार नाही. उलट कायद्यांची रांगच लागली. १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो मालक मानला जाणार होता. कोकणातील हजारो शेतकरी कुटुंबांना, त्यात भिवंडी परिसरातील आगरी-कुणबी समाजही आला, या कायद्याने उभे केले, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे. पण लाभ झाला तो ज्याचे नाव कूळ म्हणून लागले त्याला. ज्याला जमीनदाराने आदल्या हंगामात शेतावरून उठवले, ज्याला 'मजूर' म्हणून दाखवले, किंवा ज्याची जमीन रातोरात 'गवताळ' ठरली, तो या कायद्याच्या दारात उभाच राहिला. गवताच्या नावाखाली दडवलेल्या जमिनींविरुद्ध शेजारच्या पारडी तालुक्यात १९५३ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, तो याच कारणाने.

त्यानंतर १९७४-७५ चे दोन कायदे आले. पहिल्याने ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीविना घेता येणार नाही, असे ठरले. दुसऱ्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरवला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने देशातील अत्यंत पुरोगामी कायद्यांत त्याची गणना करावी लागेल. पण १९५७ पूर्वी, म्हणजे खावटी आणि अंगठ्यांच्या सुवर्णकाळात गेलेली जमीन त्याच्या कक्षेतच नव्हती. तोपर्यंत बिनशेती झालेली जमीनही वगळली गेली. जी जमीन परत देण्याचे आदेश निघाले, तिथे प्रत्यक्ष ताब्याचा प्रश्न पुन्हा वेगळा. कागदावर परत आलेल्या शेतात पाऊल टाकायला आदिवासीला संघटना लागली. पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने, वसई-भिवंडी पट्ट्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने आणि डहाणू-जव्हारमध्ये कष्टकरी संघटनेने हे काम केले. वेठबिगारीवर १९७५-७६ मध्ये देशव्यापी बंदी आल्यानंतरही वसईच्या परिसरात वेठबिगारांची मुक्तता करावी लागत होती, हे विसरता येणार नाही.

त्याच १९७५ मध्ये, ३० ऑगस्ट रोजी, खासगी वने ताब्यात घेणारा कायदा अमलात आला. एका हाताने जमीन परत देणारे सरकार दुसऱ्या हाताने जंगल म्हणून जमीन घेत होते. जमीनदाराच्या खासगी वनात पिढ्यानपिढ्या नाचणी-वरी पिकवणारा कसणारा एका रात्रीत सरकारी जमिनीवरचा 'अतिक्रमक' झाला. पॅलेस्टाईनमधील 'हजर असलेला गैरहजर' आणि ठाण्यातील 'कसणारा अतिक्रमक' या दोन संज्ञा दोन वेगळ्या राज्यसंस्थांनी घडवल्या. त्यांतला तर्क मात्र सारखाच आहे.

हा अन्याय ऐतिहासिक आहे, अशी कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच देण्यात आली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळण्याची सोय झाली. या कायद्याच्या नियमांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावातील वृद्धांची लेखी नोंदवलेली साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य मानली गेली. कागद नसलेल्यांच्या स्मृतीला कायद्याने प्रथमच किंमत दिली. व्यवहारात मात्र दावे फेटाळले जात राहिले, किंवा दोन एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा दाखला पडला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या मोर्चात आदिवासींची संख्या एवढी मोठी का होती, याचे कारण हेच. तो मोर्चा भिवंडीच्या हद्दीतून महामार्गावरून गेला. दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रास नको म्हणून त्या माणसांनी मुंबईतला शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि दोन आठवड्यांनी त्याला स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत पाड्यांवर काय मनःस्थिती असेल, याची कल्पना शहरात बसून येणे कठीण.

गोदामांच्या सावलीत

भिवंडीच्या संदर्भात या इतिहासाला आता नवे वळण लागले आहे. मुंबईला लागून असलेली, पण जकातीच्या कक्षेबाहेरची जागा म्हणून नव्वदच्या दशकापासून पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांत गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली, कारण आता मोबाइलवर मागवलेली प्रत्येक वस्तू आधी येथे येते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गाचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातील आमणे गावात आहे. मुंबई-वडोदरा मार्ग आणि बुलेट ट्रेन यांसाठीही ठाणे-पालघरच्याच जमिनी गेल्या. ज्या वरकस माळावर काल गवताशिवाय काही उगवत नव्हते, त्याला आज सोन्याचा भाव आहे.

भाव जमिनीला आला की जुना कागद बाहेर निघतो. कातकऱ्यांची स्थिती यात सर्वांत बिकट आहे. केंद्र सरकारने आदिम जमात मानलेल्या महाराष्ट्रातील तीन समाजांपैकी हा एक. त्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. एकेकाळी जमीनदारानेच त्यांना राखणीला किंवा कामाला म्हणून वसवले होते. पन्नास-साठ वर्षे राहूनही वाडीला गावठाण नाही. पावसाळा संपला की हीच कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि घरे महिनोनमहिने बंद राहतात. म्हणजे पुन्हा 'गैरहजेरी' आलीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आदिम जमातींसाठी घरकुलांची मोठी योजना जाहीर केली. पण घर मंजूर होण्यासाठी घराखालची जागा कोणाची, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

संगणकीकृत सातबाऱ्यानेही या माणसाला आत घेतलेले नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवर करायची. ही सुधारणा खातेदाराच्या सोयीची आहे, यात शंका नाही. पण शेतात नांगर कोणाचा चालतो, हे पाहणारा पूर्वीचा तलाठी कितीही वाईट असला, तरी निदान बांधावर येण्याची त्याच्यावर जबाबदारी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्तींना थेट भाडेपट्ट्याने देता यावी, असा विचार जाहीर केला. आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. खावटीचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांनी भाडेपट्ट्याच्या कागदाकडे संशयाने पाहावे, यात आश्चर्य कसले?

साम्य आणि फरक

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ठाण्याचा आदिवासी आणि गाझाचा रहिवासी यांची दुःखे एका तराजूत घालता येणार नाहीत. येथे परकीय लष्कराचा ताबा नाही. मतदानाचा हक्क आहे, राखीव मतदारसंघ आहेत, न्यायालये आहेत, आणि बाजूने केलेले कायदेही आहेत. हा फरक लहान नाही. किंबहुना त्यामुळेच आपला दोष अधिक ठरतो. जे लोकशाही मार्गाने सोडवता येते, तेही आपण सोडवलेले नाही.

दुसरी सावधगिरी खलनायक शोधण्याच्या सवयीबाबत. १९४८ नंतर आपल्याच कोकणातले बेने इस्रायली, गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे 'शनिवार तेली', हजारोंच्या संख्येने इस्रायलला गेले. त्यांतील अनेक कुटुंबे लोद आणि रामला या गावांत स्थिरावली. तेथे ती मराठी बोलत राहिली. याच दोन गावांतून जुलै १९४८ मध्ये हजारो पॅलेस्टिनींना बाहेर काढण्यात आले होते. रायगड-ठाण्याच्या खेड्यांतून गेलेल्या त्या गरीब माणसांनी कोणाला घराबाहेर काढले नव्हते. पण ते ज्या गावात राहायला गेले, त्याला एक इतिहास होता. भिवंडीतही हेच आहे. कूळ कायद्याने उभा राहिलेला आणि आज महामार्गात जमीन गमावणारा आगरी शेतकरी, उत्तर प्रदेशातून पोट भरायला आलेला विणकर, गोदामात ओझी उचलणारा हमाल, यांपैकी कोणीही कातकऱ्याचा शत्रू नाही. जमिनीचा संघर्ष बहुधा अशाच दोन गरजवंतांना समोरासमोर उभे करतो आणि मधल्यामध्ये नफा तिसऱ्याचा होतो.

मग करायचे काय? उपाय क्रांतिकारक नाहीत. भिवंडी तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार ग्रामसभेला अधिकार आहेत, ते कागदावरून चावडीवर यावेत. बिनशेती परवानगी देण्यापूर्वी १९५७ पासूनचे सर्व फेरफार ग्रामसभेत वाचून दाखवावेत, म्हणजे पहिला धनी कोण होता हे सर्वांसमोर येईल. कातकरी वाड्यांखालची जागा प्राधान्याने गावठाण म्हणून जाहीर करावी. फेटाळलेले वनहक्क दावे वृद्धांच्या साक्षीसह पुन्हा तपासावेत, कारण त्या साक्षी देणारी पिढी आता झपाट्याने संपत आली आहे. यातल्या एकाही गोष्टीला नव्या कायद्याची गरज नाही.

पॅलेस्टिनी घरांत गंजलेल्या किल्ल्या जपून ठेवलेल्या असतात. त्या किल्ल्यांची कुलपे आणि कुलपांची दारेही आता उरलेली नाहीत. आपल्या पाड्यांवर किल्ल्या नाहीत, कारण कुडाच्या घराला कुलूप नसायचेच. तेथे आहेत त्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या, वनखात्याने कधीतरी 'अतिक्रमणा'बद्दल फाडलेल्या. ज्या पावतीने त्यांना गुन्हेगार ठरवले, तीच आज वनहक्क समितीपुढे त्यांच्या कसणुकीचा पुरावा आहे. गाझासाठी ज्यांचे मन द्रवते, त्यांनी एकदा वज्रेश्वरीच्या रस्त्याने जाऊन ती पिशवी उघडून पाहावी. तेथे आपल्या हातात काही करण्यासारखे अजून शिल्लक आहे.